एक मिनिट चाळीस सेकंद

४ जून

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तू 'बरं' आणि 'मग?' यांच्यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तू बोलतोस.

बातमी अशी की मला सिनेमा मिळाला. सगळं पार्श्वसंगीत माझं एकटीचं. सात वर्षं दुसऱ्यांच्या नोटेशनच्या प्रती काढल्या, आता माझ्या प्रती दुसरं कुणी काढेल. आईला सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, "गाणी किती आहेत?" एकही नाही म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडला की जणू मला बिनपगारी नोकरी लागलीय.

सिनेमा एका लाँड्रीवालीचा आहे. तिची मुलगी सतराव्या वर्षी भांडून घर सोडते. नऊ वर्षांनी परत येते, पण घरी नाही, लाँड्रीत. हातात कोट घेऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहते. तिची पाळी येते तेव्हा आई मान खाली घालून पावती लिहितेय. "नाव?" असं विचारते. उत्तर येत नाही. आई वर बघते. मग ती काय करते, तर कोट हातात घेते आणि खिसे तपासते. रोज शंभर कोटांचे तपासते तसेच. आधी उजवा, मग डावा, मग आतला. कुणी काही बोलत नाही. एक मिनिट चाळीस सेकंद.

तिथे संगीत हवंय. मी सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा दिग्दर्शकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. पण माझा घसा दाटत नाही." आता ते बोलायला लागले की मी आधी त्यांच्या घशाकडे बघते.

सहावं नोटेशन सोबत पाठवतेय. तू बत्तीस वर्षं स्टुडिओत बसून लोकांना रडवलंस. ते कसं करतात ते सांग. आणि रेकॉर्डिंग बारा जुलैला आहे. क्लॅरिनेट तूच वाजवायचंस, हे मी तुला न विचारताच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मामीला नमस्कार.

तुझी भिंगरी

—

११ जून

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका शाळेच्या बँडच्या क्लॅरिनेटमधून खडूचा तुकडा काढत होतो. तो आत कसा गेला हे शाळेलाही माहीत नाही. पत्र वाचलं आणि तुकडा तसाच ठेवून आधी मामीला वाचून दाखवलं. आम्ही दोघांनी त्या आनंदात दुपारी दुसऱ्यांदा चहा घेतला.

नोटेशन वाचलं. सुरावट गोड आहे. पण एक विचारतो. बाई वर बघते त्या क्षणी तुझे सोळा व्हायोलिनवाले काय करतात? सगळे मिळून वर चढतात. म्हणजे बाईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत हे रडायला बसले. पाहुण्यांनी घरच्यांच्या आधी गळा काढावा तसं झालं ते.

एकदा आम्ही एका रेल्वे गार्डच्या सिनेमाचं रेकॉर्डिंग करत होतो. गार्डचा नोकरीतला शेवटचा दिवस. तो झेंडा दाखवतो, गाडी सुटते आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मागे फलाटावर राहतो. समोर पडद्यावर ते चाललेलं, आणि आमच्या बासरीवाल्याला हुंदका आला. बासरी बंद पडली. आमचे संगीतकार, त्यांच्या माघारी आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणायचो, ते काचेच्या खोलीतून खाली आले. आम्हाला वाटलं, खूश झाले असतील. ते म्हणाले, "तुम्ही इथंच रडून घेतलंत तर तिकीट काढून आलेल्यांनी काय करायचं?" आणि पडदा बंद करून टाकला. उरलेलं आम्ही पांढऱ्या भिंतीकडे बघत वाजवलं. काय होतं ते? गार्ड घरी जाताना जी शीळ घालायचा तीच साधी चाल, जरा हळू. एवढंच. तुझी मामी तेव्हा थिएटरच्या तिकीटखिडकीत होती. ती सांगते, त्या सिनेमाहून बाहेर येणारी माणसं कठडा धरून जिना उतरायची, तरणीताठीसुद्धा.

तेव्हा व्हायोलिनं काढ. तुझी बाई रडत नाहीये, ती काम करतेय. कामाला स्वतःची चाल असते. ती कुठे सापडते बघ.

माझ्या येण्याचं म्हणशील तर ते जमणार नाही. नऊ तासांचा प्रवास, त्यात माझा गुडघा, आणि शाळांची वाद्यं रांगेत पडलीत. एखाद्या तरुण माणसाला घे. हल्लीची मुलं फार तयारीची आहेत.

तुझा मामा

—

१७ जून

प्रिय मामा,

तुझं ऐकून मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीत गेले आणि अख्खी दुपार बाकावर बसून राहिले. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, कपडे कुठे आहेत. शेवटी अंगातलं जॅकेट काढून दिलं. त्याच्या खिशात माझी चार दिवसांपासून हरवलेली किल्ली निघाली.

मामा, त्या बाईंचा हात खिशात जाताना घाई असते आणि बाहेर येताना नसते. आत काही राहिलं तर नाही ना, म्हणून हात जरासा रेंगाळतो. मी बाकावरच पावतीच्या पाठीमागे चाल लिहिली, तिची प्रत सोबत पाठवतेय. फक्त क्लॅरिनेट, आणि शेवटी खाली एक चेलो. व्हायोलिनवाले गप्प.

दिग्दर्शकांना पियानोवर वाजवून दाखवलं. त्यांनी गळ्याला हात लावला. म्हणाले, "काहीतरी हललं. पण अजून वर आलं नाही." सहा वेळा नापास झालेल्या मुलीला काठावर पास केल्यासारखं वाटलं.

आता तू यायचंच आहेस. ही चाल मी तुझा आवाज कानात ठेवून लिहिलीय. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. क्लॅरिनेट गुडघ्याने वाजवत नाहीत. की चाल आवडली नाही? की तुला माझा अजून राग आहे, तू शब्द टाकून मिळवून दिलेली औषधाच्या दुकानातली नोकरी मी चार महिन्यांत सोडली म्हणून? काय ते खरं सांग.

भिंगरी

—

२२ जून

चि. भिंगरी,

चाल चांगली आहे. राग वगैरे काही नाही. ती नोकरी तू सोडलीस ते दुकानदाराच्याही भल्याचंच झालं.

येणं जमणार नाही. खोकला आहे, डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलंय. पुन्हा पुन्हा तेच विचारू नये.

मामा

—

२७ जून

मामा,

पुन्हा विचारणार नाही. मात्र मागच्या पत्रात तुझा गुडघा दुखत होता, या पत्रात खोकला आहे. तुला माझ्या सिनेमात वाजवायचं नसेल तर तसं लिहायचं. मी काही लहान नाही.

दुसरा वादक बोलावला. सव्वीस वर्षांचा आहे, अतिशय तयारीचा. माझी चाल त्याने पहिल्या वाचनात अशी वाजवली की सगळे थक्क झाले. इतकं सुंदर वाजवतो की पडद्यावरच्या बाईऐवजी मला तोच दिसत राहतो. दिग्दर्शकांनी गळ्याचा हात काढून खिशात घातला.

तब्येतीची काळजी घे.

भिंगरी

—

१ जुलै

चि. भिंगरीस,

मामाला न कळवता लिहितेय, म्हणून अक्षर घाईचं आहे. तो शाळेत वाद्यं पोचवायला गेलाय, तासाभरात येईल.

अगं, त्याला खोकला नाही, गुडघाही चांगला आहे. परवा बस पकडायला पळत गेला आणि पकडलीही. खरं कारण वेगळंच आहे. फेब्रुवारीत त्याची वरच्या दातांची सगळी ओळ काढली आणि कवळी बसवली. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली घट्ट धरायला लागतं, हे तुला मी सांगायला नको. कवळी बसल्यावर पहिल्यांदा त्याने वाजवायला घेतलं तेव्हा ती सरकली आणि असा चीत्कार निघाला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मला हसू आलं. मी हसायला नको होतं. त्याने वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर. त्यानंतर कुणी विचारलं की खोकला.

तुझं शेवटचं पत्र वाचून दोन दिवस धड जेवला नाही. मी म्हटलं, सांगून टाका तिला. तर म्हणाला, "सगळ्या घराने मला वाजवताना ऐकलंय. आता चीची ऐकवू?"

पण आता पुढचं ऐक. पेटी वरच्या फळीवर नसते हल्ली. मी दुपारी बाजारात गेले की तो ती काढतो. तुझा कागद समोर ठेवतो. मी हळूच परत येते आणि जिन्यात थांबते. वरचे सूर लागत नाहीत त्याला, म्हणून तुझी चाल खालच्या सप्तकात वाजवतो. तीन-चार सूर झाले की कवळी सैल होते, मग थांबून दात नीट बसवतो आणि पुढे जातो. मी सत्तावीस वर्षं तिकीटखिडकीत काढली, काय ऐकून आलेलं माणूस कसं दिसतं ते मला कळतं. काल जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी होते आणि मला वरची पायरी चढवेना.

मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस. बाकी तू हुशार आहेस.

तुझी मामी

—

५ जुलै

प्रिय मामा,

मागच्या पत्रात मी तिरसटासारखं लिहिलं, त्याबद्दल कान धरते.

एक अडचण आली आहे. मी त्या लाँड्रीत पुन्हा गेले होते. या वेळी बाईंच्या ओठांकडे लक्ष दिलं. त्या कपडे मोजताना पुटपुटतात. दोन-तीन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन-तीन शब्द. माझी चाल मात्र एका दमात लांबलचक जाते. म्हणून ती मोडून लहान लहान तुकड्यांत लिहिली. शिवाय एक सप्तक खाली आणली, कारण कामात असलेलं माणूस मोठ्याने बोलत नाही.

तर अडचण अशी की हा तरुण वादक थांबायला तयार नाही. त्याला थांबा म्हटलं की वाटतं, त्याचा अपमान झाला. मला असा कुणीतरी हवाय, ज्याला खालच्या सप्तकात वाजवायला कमीपणा वाटत नाही आणि थांबायची लाज वाटत नाही. नवीन कागद सोबत आहे, बाजाराच्या प्रसंगाचं नोटेशनही. तुझ्या ओळखीचं कुणी असलं तर कळव.

तुझी भिंगरी

—

८ जुलै

चि. भिंगरी,

कागद पाहिला. पेटी काढली आणि वाजवून बघितला. पहिला तुकडा जिथे संपतो तिथे माझी कवळी सुटते. दुसरा जिथे संपतो तिथेही. पाचच्या पाच तुकडे माझ्या तोंडाचं माप घेऊन शिवल्यासारखे आहेत. लाँड्रीवाल्या बाईलाही कवळी आहे का, ते विचारून घे.

मी वाद्य खाली ठेवलं आणि मामीला हाक मारली. ती आली ती थेट म्हणाली, "मी काही लिहिलेलं नाही." मी अजून काही विचारलंही नव्हतं. मग आम्ही दोघं इतके हसलो की कवळी खरोखरच बाहेर आली.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संगीतात वाजवलं, आणि घरच्या मुलीने बोलावलं तेव्हा हे असं. लाज वाटली, म्हणून तुला काय काय लिहून बसलो. तुझ्या मनाला लागलं असेल. ते मनात ठेवू नकोस.

अकराला सकाळच्या गाडीने निघतो. मामीला बहिणीकडे जायचंय, म्हणून एकटाच येईन. स्टेशनवर यायची गरज नाही, पण आलीस तर बरं वाटेल.

आणि त्या तरुण वादकाला काढू नकोस. बाजाराच्या प्रसंगात वरच्या सप्तकातलं खूप काही आहे, तिथे त्याची जागा आहे. मी त्याच्या शेजारी बसेन.

तुझा मामा

—

१४ जुलै

प्रिय मामी,

हे पत्र मामाच्याच हाती देतेय, पाकीट चिकटवून. वाटेत उघडलेलं दिसलं तर मला कळव.

तो तुला सगळं 'बरं झालं' एवढ्यात सांगेल, म्हणून मीच लिहिते. सकाळी दहाला एकतीस वादक जमले. मामा आत आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पेटी उघडता उघडता म्हणाला, "मंडळी, मला वरची कवळी आहे. मधेच काही विचित्र ऐकू आलं तर ते संगीत नाही, दात आहेत." क्षणभर कुणालाच कळेना, हसावं की नाही. मग चेलोवाल्या काकांनी आपल्या दोन्ही कवळ्या काढून हातात धरून दाखवल्या, आणि पुढची दहा मिनिटं काम बंद होतं.

दुपारी त्या प्रसंगाची वेळ आली. पहिल्या टेकला चीत्कार निघाला. मामाने मान हलवून "माफ करा" म्हटलं. दुसरा टेक नीट झाला, दिग्दर्शक म्हणाले, चालेल. मामा म्हणाला, "मला चालणार नाही." तिसरा घेतला. मी समोर उभी राहून हाताने इशारे देत होते. बाईने वर बघितलं, आम्ही सगळे गप्प. तिचा हात उजव्या खिशात गेला आणि मामाने सुरुवात केली. मामी, तू जिन्यात काय ऐकलंस ते मला तेव्हा कळलं. त्याचा सूर पूर्वीसारखा लखलखीत नाही. जरा खरखरीत झालाय, स्वयंपाकघरातून कुणीतरी स्वतःशीच बोलावं तसा. चौथ्या तुकड्याआधी त्याला दात सावरायला जास्त वेळ लागला. मी हात उचललेला, आणि सूर येत नाही. पडद्यावर बाईचा हात आतल्या खिशात जाऊन थांबला. मग सूर आला. मी त्याला खूण केलेली नव्हती. तो त्याच्या वेळेला आला, आणि तीच त्याची खरी वेळ होती.

संपल्यावर मी काचेच्या खोलीकडे बघितलं. दिग्दर्शक पाठमोरे उभे होते. मी माइकवरून विचारलं, "घ्यायचा का हा?" पुन्हा विचारलं. त्यांनी पाठमोरंच बोट वर केलं, थांबा म्हणून. मग ध्वनिमुद्रकच बोलले, "त्यांना बोलता येत नाहीये. मी घेतला असं समजतो."

तो सव्वीस वर्षांचा वादक मामाच्या शेजारी बसला होता. त्याने मामाची पेटी आवरली, क्लॅरिनेटचा एकेक भाग पुसून ठेवला, आणि मामाला विचारत होता की इतकं थांबायला कसं जमतं. मामाने त्याला दातांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

मी किती आनंदात आहे ते लिहिता येत नाही. आईने फोनवर विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "भाऊ तुझा ग्रेट आहे." ती म्हणाली, "ते मला माहितेय, तुझं कसं झालं?"

तुझी भिंगरी

—

३ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

तुझा सिनेमा आमच्या थिएटरला शुक्रवारी लागला. आज दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. तिकीटखिडकीतल्या नव्या मुलीला तुझ्या मामीने पैसे कसे मोजावेत ते समजावलं, त्यामुळे सुरुवातीची नावं थोडी चुकली.

तुझं काम नीट ऐकायचं, बत्तीस वर्षांच्या कानांनी ऐकायचं आणि काय चुकलं ते तुला परखडपणे कळवायचं, असं मी ठरवलं होतं. त्यासाठी वही-पेन्सिल नेली होती. पहिल्या पाऊण तासात एक पान भरलं. बाजाराच्या प्रसंगात चेलो जरा मोठा आहे. जिन्यावरच्या भांडणात व्हायोलिनं किंचित आधी येतात. तरुणाने मात्र कमाल वाजवलंय, तेही लिहिलं. पान उलटलं.

मग ती मुलगी कोट घेऊन रांगेत उभी राहिली. स्टुडिओत माझं सगळं लक्ष कागदावर आणि दातांवर होतं, तो प्रसंग मी धड बघितलाच नव्हता. बाई म्हणाली, "नाव?" मुलगी गप्प. बाईने वर बघितलं, आणि भिंगरे, तिने कोट असा घेतला की जणू त्यात कुणीतरी झोपलंय. उजवा खिसा. डावा. आतल्या खिशात तिचा हात राहिला तो बाहेरच येईना. मी म्हणालो, "अगं बोल, काहीतरी बोल." बहुतेक मोठ्याने म्हणालो, कारण पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. त्याचा चेहरा ओला होता, त्यामुळे त्याने तक्रार केली नाही.

सिनेमा संपला. दिवे लागले. मामी डोळे पुसत म्हणाली, "किती सुरेख वाजवलंत हो."

मी विचारलं, "कुठे?"

मी वही बघितली. दुसरं पान कोरं होतं. तुझी चाल, माझं क्लॅरिनेट, मी तुकड्यांच्या मधे घेतलेले श्वास, यातलं काहीही मी ऐकलेलं नाही. वाजलं असणार, मामी शपथेवर सांगते की वाजलं. मी त्या बाईकडे बघत होतो.

त्यामुळे त्या एक मिनिट चाळीस सेकंदांत काय चुकलं ते मी तुला कळवू शकत नाही. उद्याची तिकिटं काढलीत. उद्या डोळे मिटून बसणार आहे. मामी म्हणते, जमणार नाही.

तुझा मामा